यादीवरचा सर्च बार लपवायचा, पण हाताशी ठेवायचा

उधारीच्या वहीच्या ॲपमध्ये पहिल्याच स्क्रीनवर सहा गिऱ्हाईकं दिसतात की सात, याचा दुकानदाराला फरक पडतो. मी फोंड्यात राहतो आणि इथल्या, तसंच बांदोडा, कवळे, म्हार्दोळ, शिरोडा या बाजूच्या किराणा दुकानांसाठी असं एक ॲप करतो. जो शेवटी येऊन गेला तो यादीत सर्वांत वर, अशी त्याची रचना आहे. सकाळी दूध-पावाला येणारी माणसं रोजचीच, त्यामुळे त्यांची नावं आपोआप वर राहतात. दुकानदार नावावर बोट टेकवतो, रक्कम लिहितो आणि मोकळा होतो. शोधायची वेळ क्वचित येते. पण येते तेव्हा घाई असते: चवथीच्या आदल्या दिवशी मुंबईहून आलेला कोणीतरी समोर उभा असतो, मागे रांग असते, आणि नाईक नि गावडे यांनीच अर्धी यादी भरलेली असते.

अशा यादीवरचा सर्च बार लपवावा, असं माझं ठाम मत आहे. मात्र तो गल्ल्याखालच्या खणासारखा लपलेला हवा. खण गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण दुकानदाराचा हात न बघता तिथे जातो. पुढे जे काही लिहिलं आहे ते सगळं हात असा न बघता जावा यासाठी आहे.

आधी एक गोष्ट ठरवा. तुमच्या ॲपमध्ये माणूस यादी उघडल्यावर पहिलं काय करतो? वरची नावं बघतो, की लगेच टाइप करायला जातो? औषधांच्या दुकानाची यादी, शब्दकोश, पिनकोड शोधायचं ॲप यांत शोधणं हेच मुख्य काम आहे, तिथे सर्च बार लपवू नका. यादी एका स्क्रीनमध्ये मावत असेल तर सर्च बारच नको. हे टेबलावर बसून ठरत नाही. दुकानात गर्दीच्या वेळी बाजूला उभं राहून दुकानदाराचा अंगठा कुठे जातो ते बघावं लागतं.

दोन रीती

लपवण्याच्या रीती मुख्यतः दोन. पहिलीत सर्च बार यादीच्या डोक्यावर असतो, पण स्क्रीन उघडताना यादी तेवढीच वर सरकवून ठेवलेली असते. यादी खाली ओढली की तो दिसतो. आयफोन वापरणाऱ्यांच्या हाताला ही सवय आहे. दुसरीत सर्च बार वरच्या टूलबारबरोबर असतो. यादीत पुढे जाताना तो वर निघून जातो आणि बोट जरा उलट फिरवलं की यादीच्या मध्यावर असलात तरी परत येतो. अँड्रॉइडवर ही रीत रुळलेली आहे.

फरक दिसायला लहान, वापरायला मोठा. पहिल्या रीतीत सर्च बारसाठी यादीच्या टोकापर्यंत परत जावं लागतं. आयफोनवर घड्याळाच्या पट्टीवर टॅप केलं की यादी वर पोचते, त्यामुळे ते निभतं. अँड्रॉइडवर तशी सोय सिस्टिममध्ये नाही, म्हणून तिथे दुसरीच रीत वापरा. दोन्ही फोनवर ॲप अगदी सारखं दिसावं हा आग्रह इथे सोडून द्या. दुकानदार एकच फोन वापरतो, दुसऱ्या फोनवर ॲप कसं दिसतं याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

आयफोनवर

स्क्रीनला नॅव्हिगेशन बार असेल तर हाताने काही करू नका. २०१७ च्या आयओएस ११ पासून नॅव्हिगेशन आयटमला यूआयसर्चकंट्रोलर जोडता येतो आणि हाइड्स-सर्च-बार-व्हेन-स्क्रोलिंग ही प्रॉपर्टी मुळातच ट्रू असते. एक अट लक्षात ठेवा: स्क्रोल होणारा टेबल व्ह्यू हा कंट्रोलरच्या मुख्य व्ह्यूमधला पहिला सबव्ह्यू असायला हवा. त्याच्याआधी एखादा रंगाचा व्ह्यू टाकलेला असेल तर नॅव्हिगेशन बारला यादी सापडत नाही आणि सर्च बार हलत नाही. ‘लपतच नाही’ म्हणून कोणी मला कोड दाखवला की मी पहिलं हेच बघतो.

स्क्रीन उघडताना सर्च बार दिसावा आणि नंतर लपावा असं हवं असेल तर व्ह्यू-विल-अपिअरमध्ये ही प्रॉपर्टी फॉल्स करा आणि व्ह्यू-डिड-अपिअरमध्ये ट्रू. स्विफ्टयूआयमध्ये (स्क्रीन बांधायचा ॲपलचा नवा साधनसंच) २०२१ च्या आयओएस १५ पासून सर्चेबल हा मॉडिफायर आहे. त्याच्या प्लेसमेंटमध्ये नॅव्हिगेशन-बार-ड्रॉवर द्या, डिस्प्ले मोड ऑटोमॅटिक ठेवला की स्क्रोलबरोबर लपतो, ऑल्वेज दिला की कायम राहतो. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये ॲपलचा कल आयफोनवरचा सर्च बार खाली, टूलबारमध्ये नेण्याकडे आहे. तुम्हाला तो यादीच्या डोक्यावरच हवा असेल तर यूआयकिटमध्ये (ॲपलचा जुना साधनसंच) प्रिफर्ड-सर्च-बार-प्लेसमेंट स्टॅक्ड असं स्पष्ट लिहा.

हाताने करावं लागतं ते नॅव्हिगेशन बार नसलेल्या ठिकाणी. माझ्याकडे बिल लिहिताना खालून अर्ध्या स्क्रीनपर्यंत एक पत्रक वर येतं, त्यात गिऱ्हाईकांची यादी असते. तिथे जुनी रीत लागते: सर्च बार टेबलाचा हेडर व्ह्यू म्हणून द्यायचा आणि कंटेंट ऑफसेट, म्हणजे यादी किती सरकली आहे तो आकडा, त्याच्या उंचीइतका पुढे न्यायचा. हे व्ह्यू-डिड-लोडमध्ये केलं तर फुकट जातं, कारण तेव्हा मापं ठरलेली नसतात. व्ह्यू-डिड-लेआउट-सबव्ह्यूजमध्ये करा आणि एकदाच होईल अशी खूण ठेवा. नाहीतर कीबोर्ड वर येताना किंवा फोन आडवा होताना यादी पुन्हा उडी मारेल.

यादी छोटी असेल तर

आता ज्या ठिकाणी ही रीत सर्वांत जास्त फसते तिथे थांबू. दुकान नवीन आहे, गिऱ्हाईकं पाचच आहेत. यादीची चौकट ६०० पॉइंट (आयफोनवरचं मापाचं एकक) उंच, एक ओळ ६४ पॉइंटची, म्हणजे पाच ओळींचे ३२०. सर्च बार ५६ चा. एकूण ३७६. हे ६०० मध्ये आरामात मावतं, म्हणून यादीला स्क्रोल व्हायला जागाच नाही. तुम्ही ऑफसेट ५६ वर नेऊन ठेवलात तरी दुकानदाराचं बोट लागताच यादी शून्यावर परत येते आणि सर्च बार उघडा पडतो. पुढे तो लपतच नाही.

उपाय म्हणजे यादीच्या खाली रिकामी जागा भरणं. चौकटीची उंची वजा ओळींची उंची, म्हणजे ६०० वजा ३२०, बरोबर २८०. तेवढा खालचा कंटेंट इन्सेट (यादीच्या कडेची रिकामी जागा) द्या. आता सर्च बार, ओळी आणि रिकामी जागा मिळून ६५६ झाले, चौकटीपेक्षा ५६ ने जास्त, म्हणजे यादी सर्च बारच्या उंचीइतकीच सरकते. ओळी चौकटीपेक्षा उंच झाल्या की वजाबाकी ऋण होते, तेव्हा इन्सेट शून्य धरा. होम इंडिकेटरसाठी (आयफोनच्या तळाची आडवी रेघ) खाली सुरक्षित जागा सोडलेली असेल तर ॲडजस्टेड कंटेंट इन्सेट (ती जागा धरून झालेला इन्सेट) बघून ती वजा करा. आणि हा हिशेब यादीत भर पडली, नाव काढलं, शोधामुळे यादी गाळली गेली, अशा प्रत्येक वेळी नव्याने करायचा आहे. एकदा करून भागत नाही.

त्या हिशेबातला ५६ हा आकडाही कोडमध्ये लिहून ठेवू नका. जुन्या आयओएसवर सर्च बार ४४ पॉइंटचा असायचा, आयओएस ११ नंतर ५६ झाला. तेवढ्यासाठीच किती ॲपांमध्ये सर्च बारची खालची कड यादीच्या वर डोकावत राहिली. शिवाय अक्षरं मोठी केली की सगळीच मापं बदलतात. आमच्याकडे दुकानात बसणारे बरेच आजोबा-काका फोनमधली अक्षरं मोठी करूनच बसतात, आणि अँड्रॉइड १४ पासून ती २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. तुम्ही स्वतः काढलेल्या सर्च बारमधलं अक्षर वाढलं की बारही उंच होतो, व्हायलाच हवा. म्हणून उंची नेहमी लेआउट झाल्यावर मोजून घ्या आणि अक्षरांचा आकार बदलल्यावर पुन्हा मोजा.

अर्धवट अडकू देऊ नका

जून ते सप्टेंबर इथे दुकानदाराची बोटं कोरडी नसतात. छत्र्या, ओल्या नोटा, भिजलेल्या पिशव्या यांतून हात फोनवर येतो. ओलं बोट काचेवर मधेच सुटतं आणि सर्च बार अर्धा दिसत, अर्धा कापलेला राहतो. त्या अर्ध्या पट्टीवर टॅप करावं तर टॅप कधी लागतो, कधी खालच्या पहिल्या नावावर जातो, आणि मग भलत्याच्याच खात्यावर रक्कम लिहिली जाते.

यूआयकिटमध्ये स्क्रोल-व्ह्यू-विल-एंड-ड्रॅगिंग या डेलिगेट मेथडमध्ये यादी कुठे जाऊन थांबणार ते आधीच कळतं आणि ते बदलताही येतं. थांबण्याची जागा सर्च बारच्या पट्ट्यात पडत असेल तर ती एक तर पूर्ण वर न्या, नाहीतर पूर्ण खाली. बरेच जण मध्यावर रेघ ओढतात: निम्म्याहून जास्त दिसला तर दाखवा, नाहीतर लपवा. मी एक तृतीयांशावर ओढतो. बारचा एक तृतीयांश दिसेपर्यंत ज्याने यादी ओढली त्याला तो हवाच आहे, असं समजायला हरकत नाही. मोजताना वरचा ॲडजस्टेड इन्सेट विसरू नका, यादीचं टोक शून्यावर नसून उणे त्या इन्सेटवर असतं.

अँड्रॉइडवर

जुन्या व्ह्यू पद्धतीत कोऑर्डिनेटरलेआउट, त्यात ॲपबारलेआउट आणि खाली रीसायकलरव्ह्यू, म्हणजे यादी. हे ॲपबारलेआउट गूगलने २०१५ मध्ये डिझाइन सपोर्ट लायब्ररीतून आणलं आणि आज ते मटेरियल लायब्ररीत आहे. सर्च बार ज्या टूलबारमध्ये आहे त्याला स्क्रोल, एंटर-ऑल्वेज आणि स्नॅप असे तीन फ्लॅग द्या. स्क्रोलमुळे तो वर जातो, एंटर-ऑल्वेजमुळे बोट उलट फिरवताच परत येतो, आणि स्नॅपमुळे अर्धवट राहत नाही, वर सांगितलेलं सगळं गणित वाचतं. रीसायकलरव्ह्यूला ॲपबार-स्क्रोलिंग-व्ह्यू-बिहेविअर जोडायला विसरू नका, नाहीतर यादी टूलबारच्या खाली दडून बसते. सुरुवातीलाच लपलेला हवा असेल तर ॲपबारवर सेट-एक्स्पांडेड बोलवा, दोन्ही आर्ग्युमेंट फॉल्स.

छोट्या यादीची गोष्ट इथे उलटी आहे. यादी पूर्ण उंची घेत असेल तर आत पाच ओळी असल्या तरी टूलबार वर सरकतो, आणि माणूस विचारात पडतो की खाली काहीच नसताना हे हललं कसं. ओळी स्क्रीनमध्ये मावत असतील तेव्हा स्क्रोल फ्लॅग काढून टाका.

जेटपॅक कंपोझ या अँड्रॉइडच्या नव्या पद्धतीत टॉपॲपबारडिफॉल्ट्समधलं एंटर-ऑल्वेज-स्क्रोल-बिहेविअर घ्या आणि त्याचं नेस्टेड-स्क्रोल-कनेक्शन स्कॅफोल्डच्या मॉडिफायरला जोडा. दुसरा भाग राहिला तर काहीच होत नाही आणि एररही येत नाही. एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲपं करणाऱ्या फ्लटरमध्ये कस्टमस्क्रोलव्ह्यूच्या आत स्लिव्हरॲपबार ठेवा, फ्लोटिंग आणि स्नॅप दोन्ही ट्रू. नुसता स्नॅप चालत नाही, फ्लोटिंगशिवाय तो दिला तर ॲसर्ट फुटतो. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ॲनिमेटेडचं डिफ-क्लॅम्प याच कामाचं आहे: स्क्रोलचा फरक शून्य ते बारची उंची एवढ्यात बांधून ठेवतं, तो आकडा बारच्या ट्रान्सलेट-वायला उलट्या चिन्हाने द्या आणि नेटिव्ह ड्रायव्हर चालू ठेवा.

शोध चालू असताना

माझ्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही: सर्च बारमध्ये एक अक्षर जरी असेल तरी तो लपता कामा नये.

शिरोड्याच्या एका दुकानदाराने दुसरंच कुठलंसं ॲप मला दाखवलं होतं. त्यांनी ‘गाव’ एवढं टाइप केलं होतं, चार नावं आली, त्यांनी यादी वर सरकवली आणि सर्च बार निघून गेला. थोड्या वेळाने फोन पुन्हा हातात घेतला तर वहीत फक्त चार गिऱ्हाईकं. “नांवां खंय गेलीं?” म्हणून ते घाबरले होते. वर्षभराची उधारी पुसली गेली असं वाटलेल्या माणसाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. गाळलेली यादी आणि गाळणारा शब्द हे दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असायला हवेत.

आयफोनचा सर्च कंट्रोलर चालू असताना बार जागेवर धरून ठेवतो. अँड्रॉइडवर ते तुम्हाला करावं लागतं: बारमध्ये कर्सर आला किंवा अक्षर पडलं की स्क्रोल फ्लॅग काढा, रिकामा झाला की परत लावा. कीबोर्ड मात्र यादी ओढताच खाली जाऊ द्या, आयफोनवर त्यासाठी कीबोर्ड-डिसमिस-मोड ऑन-ड्रॅग आहे. शोध रद्द केल्यावर यादी शोधाआधी होती त्याच ठिकाणी परत आली पाहिजे. आणि काहीच सापडलं नाही तर कोरी स्क्रीन ठेवू नका, ‘या नावाचं गिऱ्हाईक नाही’ असं लिहा आणि शेजारी नवीन नाव जोडायचं बटण द्या. दुकानात पुढचं पाऊल तेच असतं.

खाली ओढून ताजं करणं

यादी ओढून ताजी करायची रीत २००९ च्या ट्वीटी या ॲपमधून रुळली आणि २०१२ च्या आयओएस ६ मध्ये ॲपलने ती यूआयरिफ्रेशकंट्रोल म्हणून घेतली. आता ओढ एकच आणि कामं दोन: सर्च बार दाखवायचा की यादी ताजी करायची? आयफोनवर आधी बार, आणखी ओढलं की रिफ्रेश, असा क्रम लागतो, तो तसाच ठेवा. पण आधी रिफ्रेशची खरंच गरज आहे का ते तपासा. माझ्या ॲपमध्ये वही फोनवरच असते आणि रेंज मिळाली की आपोआप सर्व्हरवर जाते, म्हणून मी रिफ्रेश काढून टाकलं. ओढ सर्च बारसाठी मोकळी झाली.

ज्यांना ओढता येत नाही

वरच्या पट्टीत भिंगाचं चिन्ह ठेवा. त्यावर टॅप केलं की बार खाली येऊन कर्सर त्यात बसला पाहिजे. टॅपची जागा अँड्रॉइडवर ४८ डीपी (तिथलं मापाचं एकक), आयफोनवर ४४ पॉइंट, त्याहून कमी नको. ज्याला ओढायचं ठाऊक नाही त्याला हे चिन्ह दिसतं, आणि ज्याला ठाऊक आहे त्याची यात काही अडचण होत नाही. टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू असेल तर बार लपवूच नका. दोन्हीकडे ते कोडमधून विचारता येतं. न बघता फोन वापरणाऱ्याची तुम्ही वाचवलेल्या ५६ पॉइंटांत काही सोय होत नाही, उलट एक गोष्ट कमी सापडते.

ॲप पहिल्यांदा उघडताना बार पूर्ण दाखवा आणि पाव-अर्ध्या सेकंदाच्या हालचालीने वर सरकवा. तो कुठे गेला हे डोळ्यांनी एकदा पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही. ‘ओढून बघा’ असे बाण आणि फुगे मला पटत नाहीत. गिऱ्हाईक समोर असताना ते कोणी वाचत नाही. फोनमध्ये हालचाल कमी करण्याचं सेटिंग चालू असेल तर तो न सरकवता थेट जागेवर ठेवा.

बार उघडल्यावर तिथे नाव सापडलं पाहिजे, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया. गोव्यात कोणी ‘गावकर’ लिहितो, कोणी ‘गांवकर’, आणि बरेच जण रोमन लिपीतच टाइप करतात. म्हणून प्रत्येक नावाबरोबर शोधापुरतं एक साधं केलेलं रूप साठवा: अनुस्वार काढलेलं, ऱ्हस्व-दीर्घ एकच केलेलं, आणि सोबत रोमन स्पेलिंग. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंधही असतं आणि र अधिक नुक्ता (खालचं टिंब) असंही. काही कीबोर्ड ऱ्ह, ऱ्य यांतला अर्धा र अदृश्य जोडक चिन्ह घालून लिहितात. एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची दोन रूपं एकसारखी करणं) करा, मग ते जोडक काढा, आणि शोधापुरता ऱ चा र करा. टाइप केलेल्या शब्दालाही तुलना करण्याआधी हेच सगळं लावा.

तपासताना सिम्युलेटरवर विसंबू नका, माउसने ओढलेली यादी बोटाने ओढलेल्या यादीसारखी वागत नाही. खरा फोन घ्या. शून्य गिऱ्हाईकं, पाच गिऱ्हाईकं, हजार गिऱ्हाईकं अशा तिन्ही याद्यांवर चालवा. अक्षरं सर्वांत मोठी करून बघा. बोट पाण्यात बुडवून बघा. शोध चालू असताना फोन येऊ द्या, ॲप मागे टाका आणि परत या: टाइप केलेलं अक्षर आणि बार दोन्ही जागेवर हवेत. शेवटी फोन आडवा करा आणि पुन्हा उभा. बारची उंची नव्याने मोजली गेली नसेल तर ते इथे लगेच उघडं पडतं.